राणीने न दिलेला हुकूम

पुष्कळ पूर्वी, चहूबाजूंनी समुद्र असलेले एक राज्य होते. तिथे राजा बदलला की प्रार्थनाही बदलायची. एका राजाने फर्मान काढले, "मंदिरात एकही मेणबत्ती पेटता कामा नये!" त्याच्यामागून त्याची बहीण राणी झाली. तिने फर्मान काढले, "मेणबत्तीवाचून प्रार्थना करील तो तुरुंगात जाईल!"

बिचारे लोक! कालचे पुण्य आज गुन्हा ठरायचे.

तीही वारली आणि धाकटी बहीण गादीवर आली. ती राजधानीकडे निघाली, तेव्हा वाटेतल्या एका गावात लग्न अडून बसले होते. नवरीचा बाप मेणबत्त्या करणारा, तर नवऱ्याच्या आईला मेणबत्ती डोळ्यांसमोर नको.

"देवाला काय अंधारात दिसत नाही?" ती म्हणायची.

"देवाला दिसतं हो, विहीणबाई. तुमचं तोंड आम्हाला दिसायला नको का?" तो म्हणायचा.

राणीची गाडी दिसताच दोघेही धावले. "राणीसाहेब, हुकूम द्या!"

नवरी मात्र दोघांना अडवायला मागोमाग धावली. हुकूम कसाही निघाला, तरी एका घराला तुरुंग ठरलेलाच होता. मग कसले लग्न?

राणीने तिलाच विचारले, "मुली, तुला काय वाटतं?"

"राणीसाहेब, ज्योतीकडे पाहिल्याशिवाय माझं मन लागत नाही. आणि हे तर प्रार्थनेला डोळेच मिटतात! मेणबत्ती पेटली काय, विझली काय, यांना पत्ताच नसतो."

नवरा लाजला. राणी खळखळून हसली.

"पण मिटल्या डोळ्यांनाही उजेड कळतो!" सासूबाई पुटपुटल्या.

"मग तुम्ही मागे बसा," राणी म्हणाली. "माझा काही हुकूम नाही."

असे कधी घडलेच नव्हते! दवंडीवाला गोंधळून म्हणाला, "मग मी दवंडी कसली पिटू?"

"पीट की! आज लग्न आहे, सगळ्यांनी जेवायला या."

सनया वाजू लागल्या. पुढे ज्योती तेवत होत्या, मागे लोक डोळे मिटून बसले होते. सासूबाईंनी मात्र एक डोळा किलकिला केला. उजेडात सून फार गोड दिसत होती. त्या राणीच्या राज्यात प्रार्थनेसाठी पुन्हा कुणी तुरुंगात गेले नाही.

तात्पर्य: राज्यकर्त्याने माणसामाणसांतली भांडणे मिटवावीत, माणूस आणि देव यांच्यामध्ये उभे राहू नये.