ओलं गोणपाट

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या ओट्यावर सकाळीच एक वेताची टोपली येऊन टेकली. टोपलीत गवतावर एक इवलासा तपकिरी जीव बसला होता. ससा म्हणावा तर लांब कान नाहीत, उंदीर म्हणावा तर शेपूट नाही. नातीच्या हट्टापायी पाळलेलं ते गिनीपिग घेऊन गाद्या-रजया भरणाऱ्या हलिमाबी आल्या होत्या.

"दोन दिवस झाले, शिंकतंय. श्वास घेताना बारीक आवाज येतोय," त्या म्हणाल्या. "नातीच्या घशाखाली घास उतरत नाही हो."

वैद्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि हात जोडले. "बाई, मी माणसांचा वैद्य. भलतं औषध देऊन याचा जीव घ्यायचो. तालुक्याला जनावरांचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा."

हलिमाबी टोपली उचलणार, तोच वैद्यांची शिष्या पुढे झाली. दहा वर्षं ती त्यांच्यापाशी शिकत होती आणि तिच्या हाताला गुण आहे असं गाव म्हणू लागलं होतं.

"तुम्ही कापूस पिंजता ना?" तिनं विचारलं.

"पोट त्याच्यावरच आहे, ताई."

"मग दुसरं काय होणार? दिवसभर कापसाची धूळ! एवढीशी ती छाती, तिनं सोसावं तरी किती? मुकं जनावर पाळायची हौस असेल, तर आधी आपलं घर पाहावं माणसानं."

ओट्यावर आठ-दहा रोगी बसले होते. सगळ्यांच्या माना हलिमाबींकडे वळल्या.

"नाही हो ताई, आम्ही त्याला मागच्या—"

"राहू द्या. डॉक्टरांना मी दाखवते. बरं होईपर्यंत राहू दे माझ्याजवळ."

हलिमाबींनी टोपलीतल्या जीवाच्या पाठीवरून एकदा बोट फिरवलं आणि पदर सावरत ओटा उतरल्या.

शिष्येचं मन वाईट नव्हतं. त्याच दिवशी ती एसटीनं तालुक्याला गेली. डॉक्टरांनी छाती तपासून थेंबांचं औषध दिलं आणि बजावलं, "हवा स्वच्छ हवी. धूर, धूळ काही नको."

"आमच्याकडे दोन वेळा केर निघतो," ती म्हणाली.

तिनं एक चांगला पिंजरा मिळवला. तो सतत नजरेसमोर असावा म्हणून औषधांच्या खोलीत आपल्या बसायच्या जागेशेजारी, जमिनीवर ठेवला. सकाळ-संध्याकाळ ती न चुकता थेंब पाजायची, कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या, ढोबळी मिरचीच्या फोडी भरवायची. उरलेल्या वेळात, त्याच्याकडे लक्ष ठेवत, आपलं रोजचं काम करायची. सुंठ, मिरे, पिंपळी कुटायची आणि पातळ फडक्यातून चाळून बरण्या भरायची. काम झालं की खोली झाडून लख्ख करायची.

गिनीपिगला मात्र उतार पडेना. बारीक आवाजाची घरघर झाली. कुशी भात्यासारख्या वर-खाली होऊ लागल्या. "काय म्हणतोय पाहुणा?" असं रोग्यांपैकी कुणी विचारलं की शिष्या म्हणायची, "त्या घरातून येतानाच छाती भरून आला होता. आता मी तरी काय करणार?" हे वाक्य तिनं त्या आठवड्यात किती जणांना ऐकवलं, त्याची गणती नव्हती.

सातव्या दिवशी त्यानं कोथिंबिरीवरून तोंड फिरवलं. ती पुन्हा डॉक्टरांकडे धावली. त्यांनी औषध बदललं, पण स्पष्टच सांगितलं, "उद्या संध्याकाळपर्यंत खायला लागलं नाही, तर वाचणं कठीण."

दुसऱ्या दिवशी दुपारी वैद्य औषधांच्या खोलीत आले. एवढा वेळ ते उंबऱ्यात उभे राहून पाहत होते.

"पोरी, ऊठ. आज चूर्ण मी कुटतो. तू त्या पिंजऱ्याशेजारी आडवी हो. गाल जमिनीला टेकव आणि मी सांगेपर्यंत उठू नकोस."

"आबा, हे काय भलतंच? याचा जीव चाललाय आणि तुम्हाला चूर्ण सुचतंय?"

"आडवी हो म्हटलं ना."

ती चडफडत आडवी झाली. वैद्यांनी खलात मिरे घेतले, सुंठ घेतली आणि अगदी तिच्यासारखेच घाव घालू लागले. मग फडकं ताणून चूर्ण चाळलं. मग केरसुणी घेतली आणि कोपरा न् कोपरा झाडला. खिडकीतून उन्हाची एक तिरीप आत आली होती. तिच्यात पिवळसर भुकटी तरंगताना दिसत होती, तरंगत तरंगत खाली, पिंजऱ्यावर आणि शिष्येच्या तोंडावर उतरत होती. तिच्या नाकात झोंबलं. डोळ्यांना पाणी आलं. एकापाठोपाठ एक शिंका सुरू झाल्या आणि तिला श्वास आवरेना.

शेजारी, वीतभर अंतरावर, तो एवढासा जीवही तसाच धापा टाकत होता.

ती उठून बसली. पिंजरा तिनं दोन्ही हातांनी उचलून अंगणात, कडुलिंबाखाली नेला. परत आली तेव्हा तिला वर बघवत नव्हतं.

"आबा, धूळ वाईट हे मला माहीत होतं. मीच तर सगळ्यांदेखत बोलले."

वैद्यांनी केरसुणी भिंतीशी टेकवली. "माहीत होतं ना? मला तर तुझ्याआधी माहीत होतं. पण दुसऱ्याच्या घरात उडते ती धूळ आणि आपल्या घरात उडतं ते औषध, असं धरून चाललो आपण. त्या छातीला हा फरक कळत नाही, पोरी. तिला फक्त श्वास कळतो. आणि 'आपण' म्हणतोय ते तुझं मन राखायला नाही. त्या बाईंना तू मध्येच तोडलंस, तेव्हा मी समोरच बसलो होतो. गप्प बसलो, कारण मलाही ते खरंच वाटलं होतं."

शिष्येनं अंगणातला पिंजरा उचलला आणि ती हलिमाबींच्या दुकानाकडे निघाली.

मागच्या गल्लीनं गेलं असतं तर कुणी पाहिलं नसतं. पण शिष्या पिंजरा घेऊन भर बाजारातून गेली. हलिमाबींच्या दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. तिनं त्यांच्यासमोरच सांगितलं, "हलिमाबी, याला तुमच्या घरानं नाही, माझ्या चूर्णानं मरणाच्या दारात नेलं. त्या दिवशी मी बोलले ते खोटं होतं. नंतरही गावभर खोटंच बोलत राहिले."

हलिमाबींनी हातातली सुई रजईत टोचून ठेवली. "बोलले असते मी तेव्हाच. पण तुम्ही शिकलेल्या आणि मी कापूसवाली. माझ्या नाकातोंडातला कापूस दिसतो सगळ्यांना." मग पिंजऱ्याकडे पाहून आवाज खाली आला. "या आत."

त्यांनी तिला मागच्या पडवीत नेलं. दुकानातून पडवीत उघडणाऱ्या दारावर एक ओलं गोणपाट टांगलेलं होतं, कापसाच्या बारीक तंतूंनी पांढरं झालेलं. पलीकडे पडवी स्वच्छ होती. फरशी केरसुणीनं झाडलेली नव्हती, ओल्या फडक्यानं पुसलेली होती. कोपऱ्यात गवत पसरलेली एक रिकामी जागा होती.

"दिवसातून तीनदा भिजवते मी ते," हलिमाबी म्हणाल्या. "त्या आठवड्यात पावसाची झड आत आली, म्हणून सर्दी झाली त्याला. तेच सांगत होते."

शिष्येनं पिंजरा त्या रिकाम्या जागी ठेवला. ती रोज थेंब पाजायला येऊ लागली. येताना पहिल्यांदा ते गोणपाट उतरवायची, पिळायची आणि भिजवून पुन्हा टांगायची. नातीनं पुढे केलेली कोथिंबिरीची पहिली काडी गिनीपिगनं पिंजरा पडवीत आला त्याच संध्याकाळी कुरतडली. सहाव्या दिवशी शिष्येची चाहूल लागताच त्यानं बारीक शीळ घातली. जीव वाचला. पण शांत बसलं असताना त्याच्या छातीतून येणारा तो हलका आवाज कायमचा राहिला, आणि तो ऐकला की शिष्येची मान आपोआप खाली जायची.

पुढे वैद्यांच्या औषधांच्या खोलीच्या दारातही एक ओलं गोणपाट आलं, आणि आत केरसुणीऐवजी ओलं फडकं फिरू लागलं. खोकल्याचा रोगी आला की शिष्या नाडी धरण्याआधी विचारू लागली, "तुम्ही दिवसभर बसता कुठे?" आणि सांगणाऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबू लागली.

एकदा एका व्यापाऱ्यानं दारातलं ते गोणपाट पाहून कौतुकानं विचारलं, "वैद्यबुवा, हा उपाय कोणत्या ग्रंथातला?"

वैद्यांनी शिष्येकडे पाहिलं.

"हलिमाबींचा आहे," ती म्हणाली.