परत्या आणि नववी पाटी

एका गावात एक वरची आळी होती आणि एक खालची. वर्षाचे बाकीचे सगळे दिवस दोन्ही आळ्यांची माणसं एकमेकांकडे विरजण मागायला जात आणि लग्नात एका पंगतीला बसत. जत्रेच्या दिवशी मात्र कुणी कुणाला ओळख दाखवत नसे, कारण त्या दिवशी दोन आळ्यांमध्ये आट्यापाट्यांचा सामना असे.

त्या गावचा खेळ जरा निराळा होता. मैदानात नऊ आडव्या पाट्या आखायच्या. प्रत्येक पाटीवर एक राखणदार. त्याने आपल्या पाटीवर डावी-उजवीकडे हवं तेवढं धावावं, पण पाटी सोडायची नाही. समोरच्या पक्षाच्या गड्याने त्याचा हात लागू न देता एकेक पाटी ओलांडत पलीकडच्या टोकाला जायचं. तिथे कडुलिंबाखाली त्याच्याच पक्षाचा आणखी एक गडी ताजातवाना बसलेला असे. त्याच्या हातावर टाळी दिली, की त्याने उठायचं आणि नऊच्या नऊ पाट्या उलट ओलांडून परत यायचं. तो आला की एक लोण. या गड्याला गावात परत्या म्हणत.

परत्या गावातला नसे. आसपासच्या वस्त्यांवरची पळण्यात तरबेज तरुण मंडळी गावात येऊन रांगेत उभी राहत आणि त्यांतून आळ्या आपापला परत्या निवडत. गेल्या वर्षी हरलेल्या आळीने आधी निवडायचं, असा रिवाज होता. खालची आळी लागोपाठ सात वर्षं हरली होती, त्यामुळे आधी निवडायचा मान तिच्याकडे अगदी पक्का होता.

सातव्या हारीनंतर त्या रांगेत गोंदा उभा होता. डोंगरावरच्या वस्तीवरून रोज सकाळी दुधाच्या चरव्या घेऊन तो खाली येई आणि दूध हिंदकळायच्या आत पोचवी. खालच्या आळीचे म्होरके आबाजी यांनी त्याला एकदाच पळताना पाहिलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा आमचा!"

आळीने गोंदाला राहायला खोली दिली आणि हलवायाच्या दुकानात काम दिलं. पुढच्या दोन जत्रांत तो असा पळाला, की म्हाताऱ्यांनी काठ्या टाकून टाळ्या वाजवल्या. राखणदार मागे वळेपर्यंत हा निम्म्या पाट्या ओलांडून गेलेला असे. दोन्ही जत्रांत खालची आळी हरली ती हरलीच, कारण गोंदा एक लोण आणी आणि पाट्यांवरची मंडळी दोन देऊन बसत. पण त्याचं वाईट कुणाला फारसं वाटलं नाही. सगळी आळी गोंदाला वारा म्हणत त्याच्या धावण्याच्याच गोष्टी सांगत होती.

गोंदाला मात्र फार वाईट वाटे. आपल्या आळीच्या पाट्या एकामागून एक फुटताना त्याला कडुलिंबाखाली बसून बघावं लागे.

एके दिवशी तो आबाजींकडे गेला. "आबा, मला एखादी पाटी द्या राखायला."

आबाजी हसले. "अरे, तुझं काम पळायचं. पाटी राखणं तुझ्यासारख्याचं काम नव्हे. आणि आता नवं कशाला शिकतोस? ही तुझी तिसरी जत्रा."

तिसऱ्या जत्रेचा अर्थ गोंदाला ठाऊक होता. तीन वर्षांत पळणाऱ्याचे पाय जुने होतात, असं आळीचं ठाम मत होतं. तिसरी जत्रा संपली, की परत्याला नारळ देऊन त्याच्या वस्तीवर परत पाठवत आणि नवा आणत. गोंदाच्या वस्तीवर आता त्याचं कुणी उरलं नव्हतं. या आळीत त्याला नावाने हाक मारणारी माणसं होती, आजारी पडला तर पेज आणून देणारी शेजारीण होती. इथून जायचा विचारही त्याला नको वाटे.

त्या संध्याकाळी दुकानात त्याचं कामात लक्ष नव्हतं. हलवाई मोठे वजनदार गृहस्थ. ते दुकानाच्या पायरीवरून उतरत तेव्हा पायरी सुटकेचा निःश्वास टाकत असावी. पण गेली बारा वर्षं नववी पाटी, म्हणजे सगळ्यांत शेवटची, तेच राखत होते, आणि त्यांच्या हातून फार थोडे गडी निसटले होते.

"अण्णा," गोंदाने विचारलं, "मी राखणदार होईन का हो?"

"उभा राहा दारात," हलवाई म्हणाले. "हा उंबरा म्हणजे तुझी पाटी. उंबरा सोडायचा नाही. आपली शेळी आत आली नाही पाहिजे. तिला गुळाचा वास लागलाय."

गोंदाला वाटलं, शेळी ती काय! शेळीने डावीकडे मान टाकली. गोंदा विजेसारखा डावीकडे झेपावला आणि शेळी उजवीकडून आत जाऊन गूळ चाटू लागली. दुसऱ्यांदा तेच. पाचव्यांदा तर तो चौकटीवर आपटला आणि कपाळाला टेंगूळ आलं.

हलवाई पोट धरून हसले आणि मग त्याच्या कपाळाला हळद लावत म्हणाले, "अरं लेका, मला कुठं पळता येतंय? म्हणून मी थांबायला शिकलो. तुला पळता येतं, म्हणून तू थांबायला शिकलाच नाहीस. जो जितका चपळ, तितका हुलीला लांबवर फसतो. तिच्या मानेकडं बघू नको. पायाकडं बी नको. कमरेकडं बघ. कंबर वळल्याबिगर कुणालाच जाता येत नाही, शेळीला नाही अन् माणसालाही नाही."

मग रोज संध्याकाळी उंबऱ्यावर शेळी आणि गोंदा समोरासमोर उभे राहू लागले. पंधरा दिवस शेळी जिंकली आणि चांगली गुबगुबीत झाली. येणारी-जाणारी माणसं चेष्टा करत, "काय रे, शेळीची लोणं किती झाली?" गोंदाला लाज वाटे, राग येई, पण तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राही. सोळाव्या दिवशी शेळीला पहिल्यांदा बाहेर राहावं लागलं. महिना झाला तेव्हा ती दाराकडे फिरकेनाशी झाली.

जत्रेचा दिवस उजाडला. पाण्याच्या घंगाळात भोक पाडलेली वाटी सोडत आणि वाटी बुडली की डाव संपे; त्याआधी परत्याला टाळी मिळाली असेल, तर मात्र त्याला धाव पुरी करू देत. गोंदाने परतीची धाव अशी घेतली, की खालची आळी एका लोणाने पुढे गेली. आता शेवटचा डाव उरला होता. वरच्या आळीने पाट्या ओलांडायच्या आणि खालच्या आळीने राखायच्या. वरच्या आळीने एक लोण केलं की बरोबरी, आणि बरोबरी झाली की मान गेल्या वर्षी जिंकणाऱ्यांचा, म्हणजे वरच्या आळीचाच. नऊ वर्षांनी पहिल्यांदा खालच्या आळीच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

नेमका तेव्हाच मैदानात उतरताना हलवायांचा पाय मुरगळला. घोटा बघता बघता टम्म सुजला.

"आबा," ते कण्हत म्हणाले, "नवव्या पाटीवर गोंदाला घाला."

"डोकं फिरलंय का तुमचं? तो पळणारा गडी आहे. हूल दिली की मैदानाबाहेर जाईल सरळ!"

"मग तुम्ही उभे राहता?"

आबाजींनी इकडेतिकडे पाहिलं. बाकीचे आठ जण आपापल्या पाट्यांवर होते. कपाळावर हात मारून ते म्हणाले, "जा बाबा गोंदा. देव आपलं बघून घेईल."

डाव सुरू झाला. वरच्या आळीचे गडी एकामागून एक बाद झाले, पण त्यांचा कासार कुणाच्या हाती लागला नाही. बांगड्या भरता भरता बायकांना बोलण्यात गुंतवणारा हा माणूस मैदानातही तोंडाने अर्धा खेळ खेळे. आठ पाट्या ओलांडून तो गोंदासमोर आला. वाटी काठापर्यंत भरत आली होती.

कासार हसला. "अगंबाई, परत्या पाटीवर? उठलास कशाला रे कडुलिंबाखालनं?"

त्याने डावीकडे धाव घेतली. गोंदा त्याच्या कमरेकडे बघत दोन पावलं सरकला आणि थांबला. कासार उजवीकडे वळला. गोंदा तिकडे सरकला आणि थांबला. मग कासार चक्क आळस देत गोंदाच्या हातापासून वीतभर अंतरावरून चालू लागला.

"वारा म्हणतात ना तुला? मग पकड की!"

मैदानाच्या चारी बाजूंनी आरडाओरडा झाला, "पळ, गोंदा, पळ!" त्यात वरच्या आळीचे होते तसे खालच्या आळीचेही होते. तीन वर्षं ज्याला पळताना बघून टाळ्या वाजवल्या, तो उभा राहिलेला कुणालाच बघवेना. "अरे, धर त्याला! झोपलास का?" आबाजीही ओरडले.

गोंदाच्या पोटऱ्या ताठ झाल्या. एक झेप घेतली तर मिळेल, असं पाय सांगत होते. मिळाला तर सगळी आळी डोक्यावर घेईल, आणि चुकला तर उद्या नारळ हातात. तो घाबरला होता. पण त्याने नजर कासाराच्या कमरेवरून हलवली नाही आणि तो जागचा हलला नाही.

कासाराला आता थांबून चालणार नव्हतं, वाटी बुडायला आली होती. त्याने मान डावीकडे टाकली, खांदा डावीकडे टाकला, डावा पायही टाकला. कंबर मात्र उजवीकडे वळली.

तेव्हा गोंदा हलला. एकच पाऊल, पण डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्याचा पंजा कासाराच्या पाठीवर पडला त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. घंगाळात वाटी बुडाली.

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग खालच्या आळीने असा गलका केला, की जत्रेतल्या पाळण्यातली पोरं दचकून रडू लागली. कासार पाठ चोळत म्हणाला, "बांगडीसारखा फुटलो की रे!" आणि त्यानेच आधी गोंदाला मिठी मारली.

गर्दी बाजूला सारत आबाजी आले. त्यांनी गोंदाच्या खांद्यावर हात ठेवला.

"गोंदा," ते म्हणाले, "तीन वर्षं मी तुझे पाय बघत बसलो. माणूस बघायचा राहूनच गेला. आता कुठं जाऊ नकोस. पुढच्या वर्षी नववी पाटी तुझी."

गोंदाच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या त्याने लपवल्या नाहीत. हलवाई एका पायावर लंगडत येताना त्याला दिसले आणि त्याने मान हलवली.

"नववी अण्णांची आहे, आबा. त्यांचा पाय आठ दिवसांत बरा होईल. मला पहिली द्या. कुणालाच नववीपर्यंत येऊ देणार नाही."

तात्पर्य: ज्या गुणामुळे लोक आपल्याला निवडतात, तो आपला पहिला गुण असतो; पण तोच शेवटचा, असं लोकांनी ठरवू नये आणि आपणही मानू नये.