सोनधारेची चढण

एका डोंगराळ मुलखात वीरबाहू नावाचा एक राजा होता. त्याच्या राज्यात सोनधार नावाचा धबधबा होता. वर जायची वाट लहानशीच, पण अगदी उभी. राजाने तो धबधबा कधी पाहिला नव्हता. एके सकाळी त्याला राहवेना. दहा शिपाई घेऊन तो डोंगराच्या पायथ्याशी आला.

तिथे ठकूबाई नावाची धनगरीण मेंढ्या चारत होती. राजाने तिला वाट दाखवायला सांगितले.

"दाखवते की! पण महाराज, वरचा कातळ लई निसरडा हाय. तिथं हात टेकून रांगावं लागंल."

राजा हसला. "शिपायांसमोर राजा रांगेल? मी ताठ चालत जाईन!"

 ठकूबाई पुढे झाली.

थोडे चढताच झाडीतून पाण्याचा घुमणारा आवाज येऊ लागला. गार तुषार तोंडावर उडू लागले. राजाला धीर धरवेना. तो धापा टाकत, भराभर चढू लागला.

कातळ आला. ठकूबाईने हात टेकले. राजा मात्र ताठच निघाला. तिसऱ्याच पावलाला त्याचा पाय सटकला आणि तो घसरत कड्याच्या टोकाशी गेला.

"झुडूप धरा, महाराज!" ठकूबाई ओरडली आणि तिने झडप घालून त्याचा हात पकडला.

राजा कसाबसा सावरला. त्याने मागे पाहिले. दहाही शिपाई त्याच्याकडेच बघत होते. क्षणभर तो घुटमळला. वर सोनधार गर्जत होती. मग त्याने दोन्ही हात चिखलात टेकले आणि विचारले, "आता कुठे हात ठेवू, ठकूबाई?"

"त्या खाचंत. आता पाय इथं. हां, अस्सं!"

शिपायांपैकी एकही हसला नाही. तेही हात टेकून राजामागोमाग चढू लागले.

शेवटचा खडक ओलांडला आणि समोर सोनधार! उंचावरून कोसळणारे पांढरेशुभ्र पाणी आणि त्यावर झळकणारे इंद्रधनुष्य. राजा धावतच धारेखाली गेला आणि आनंदाने ओरडू लागला. शिपाईही आरोळ्या ठोकत पाण्यात शिरले.

भिजून चिंब झालेल्या राजाने विचारले, "ठकूबाई, आता उतरायचं कसं?"

"बसून, महाराज. घसरत घसरत."

राजा खो खो हसला आणि सगळ्यांच्या आधी खाली बसला.

तात्पर्य: जाणत्या माणसाचे ऐकून वाकण्यात कमीपणा नसतो, खोट्या मानापायी ताठ राहणारा मात्र जिवाला मुकू शकतो.