खिंडीतून परतलेली देवी

फार वर्षांपूर्वी, देवीच्या साथीत गावंच्या गावं ओस पडायची तेव्हाची ही गोष्ट. खिंडीच्या वर, डोंगरात, कांबळवाडी. तिथं दर हिवाळ्यात बाबाजी खळतकर नावाचा सरकारी माणूस पोरांना लस टोचायला यायचा. लोक त्याला देवीडाक्टर म्हणायचे आणि तो दिसला की दारं लावून घ्यायचे. टोचून घेतलं तर देवी कोपेल, अशी भीती.

असं म्हणतात, बाबाजी इतका चालला होता की त्याची सावलीसुद्धा दमून मागं राहायची.

एका वर्षी हौसाबाईनं नातीला रिकाम्या कणगीत लपवलं. आतलं खोकणं बाबाजीला ऐकू आलं. पण भांडायचं त्राण त्याच्यात नव्हतं. तो दारातच मटकन बसला.

हौसाबाई म्हणाली, "टोचली म्हणून सांग आन् जा की घरी. हितं कोन बघतंय तुला?"

"कोणी नाही. दर वर्षी खिंडीत बसून ठरवतो, आता माघारी फिरायचं."

"मग येतोस कशापायी?"

तो वणांनी भरलेल्या गालावरून हात फिरवत म्हणाला, "आम्ही दोघं भाऊ. मला देवीनं सोडलं, त्याला नेलं. त्या साली आमच्याकडचा डाक्टर अर्ध्या वाटेतून परत गेला होता. तोही दमला असेल."

हौसाबाईनं नातीला बाहेर काढलं. ते पाहून बाकीची दारंही उघडली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात खालच्या गावांत साथ आली. असं म्हणतात, देवी स्वतः खिंड चढून वर आली. पोरांच्या दंडांवरचे वण तिनं पाहिले. "इथं माझ्या नावानं कोणी आधीच येऊन गेलंय," म्हणाली आणि आल्या वाटेनं परतली. वाडीतलं एकही पोर दगावलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात बाबाजी खिंडीत येऊन बसला. वर जावं की माघारी, हेच मनात. तेवढ्यात वरून माणसं उतरताना दिसली. बायांच्या कडेवर वर्षभरात जन्मलेली पोरं, पुढं हौसाबाई.

"तू बस," ती म्हणाली. "आमी आलोय."

असं म्हणतात, त्या दिवशी बाबाजी टोचता टोचता रडत होता.

तो कधी वारला, कुठं वारला, कुणालाच ठाऊक नाही. पण आजही लस घेऊन नर्सबाई यायची असली की कांबळवाडी बाळं घेऊन खिंडीत उतरते. बाईंना घोंगडीवर बसवतात, नाचणीची गरम आंबील देतात. ती पिऊन होईस्तोवर कोणी बाळ पुढं करत नाही.