राष्ट्रपालचा प्रोसेसर

"…आणि थांबलो तर दिवाळीनंतर नवा येतोय, भन्ते. म्हणून विचारतो. आता घेऊ, की थांबू?"

भन्ते अस्सजी विहाराच्या पायरीवर बसून चिवराचा उसवलेला काठ शिवत होते. त्यांनी आधी सुईत दोरा ओवला.

"काय येतोय?"

"प्रोसेसर. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणा ना."

"मेंदू कशाला? प्रोसेसरच म्हण."

राष्ट्रपाल ओशाळला. चीवर घेण्याआधी भन्तेंनी एकोणीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं होतं, हे तो विसरला होता.

ब्रह्मपुरीच्या पुढे तलावाकाठी एक टेकडी आहे, तिच्यावर हा विहार. राष्ट्रपाल खोब्रागडे ब्रह्मपुरीत लग्नांचे व्हिडिओ काढतो. तालुक्यात त्याचं नाव आहे, आणि ते असल्याचं त्याला चांगलंच ठाऊक आहे.

"आत्ताचा घेतला तर माझ्याच बोर्डावर बसतो," तो म्हणाला. "थांबलो तर पुढचा मिळेल, पण मग बोर्डही बदलावा लागेल, रॅमही. दोन्हीकडून पटतं."

"किती दिवस विचार करतोयस?"

"दीड वर्ष."

"तेवढ्यात नवे किती आले?"

"दोन."

"मग?"

"पहिला आला तेव्हा दुसरा येणार असं कळलं. दुसरा आला, तर तो फार तापतो असं वाचलं."

"म्हणजे थांबलास."

"थांबलो असं नाही, भन्ते. ठरत नाहीये."

भन्तेंनी टाका ओढून घेतला.

"दीड वर्ष रोज सकाळी उठून तू थांबायचं ठरवलंस. वर म्हणतोस, ठरत नाही."

राष्ट्रपाल पायरीवरचा दोऱ्याचा तुकडा उचलून बोटाला गुंडाळू लागला.

"आणि एवढं अडलंय काय? लग्नं तर तू याच कॉम्प्युटरवर करतोस."

"लग्नं होतात. सगुणाबाईंचा चित्रपट होत नाही."

सगुणाबाई मेश्राम खाली गावात राहतात. वय ब्याऐंशी. तरुणपणी नवऱ्याबरोबर जलशात गायच्या, बैलगाडीतून गावोगाव जायच्या. राष्ट्रपालनं त्यांना चार वर्षं चित्रित केलं होतं. शेतात, चुलीपुढे, तलावावर, विहारात. साठ तासांचं चित्रण झालं. मोठ्या कॅमेऱ्यानं, सिनेमाला वापरतात तसल्या. जोडायला बसला तेव्हा कॉम्प्युटर अडू लागला. चित्र दोन पावलं चालायचं आणि उभं राहायचं.

त्यानं ते बंद केलं. चांगला प्रोसेसर आला की करू, असं सगळ्यांना सांगितलं.

दर रविवारी आणि पौर्णिमेला सगुणाबाई विहारात येत. राष्ट्रपाल दिसला की विचारत, "बाबू, झाला का तो पिच्चर?" हल्ली त्यात आणखी एक वाक्य आलं होतं. "कानानं कमी आयकू येते आता."

हे सांगताना राष्ट्रपालनं नजर दुसरीकडे वळवली.

"कुठे आहे तो कॉम्प्युटर?" भन्तेंनी विचारलं.

"दुकानात."

"घेऊन ये."

"भन्ते, मी फक्त सल्ला…"

"घेऊन ये."

पुढच्या रविवारी तो आला. कॅबिनेट चादरीत गुंडाळून, गाडीत शेजारच्या सीटवर बसवून, वर पट्टा लावून आणला होता. स्क्रीन मागच्या सीटवर, उशांमध्ये. टेकडी चढताना दोनदा थांबला.

विहाराच्या ग्रंथालयात एक लांब टेबल आहे. भन्तेंनी त्यावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि कपाटातून पेचकस काढला.

"कधी उघडला होतास?"

"घेतल्यापासून… नाही."

"किती वर्षं?"

"पाच."

बाजारात आलेल्या प्रत्येक प्रोसेसरचा वेग राष्ट्रपालला तोंडपाठ होता. स्वतःचा त्यानं डोळ्यांनी पाहिला नव्हता.

चार स्क्रू निघाले. बाजूचा पत्रा सरकला. आत पंखा होता, पण तो दिसत नव्हता. राखाडी लोकर बसवावी तशी धूळ त्याच्यावर बसली होती, खालच्या जाळीतही गच्च.

भन्ते मऊ ब्रशनं ती काढू लागले. धूळ गोळ्या होऊन कागदावर पडू लागली. राष्ट्रपाल पाहत राहिला. थोड्या वेळानं त्यानं हात जोडले.

"समजलं, भन्ते."

"काय समजलं?"

"मनावर अशीच धूळ साचते…"

"ही पंख्यावरची आहे."

"हो, पण तिचा अर्थ…"

"तो कापूस दे जरा इकडे."

राष्ट्रपालनं कापूस दिला.

पंखा उचलल्यावर खाली प्रोसेसर दिसला, नखाएवढे चार चौकोन जोडून होईल एवढा. त्यावरची पेस्ट वाळून चुन्यासारखी भेगाळली होती. ही पेस्ट प्रोसेसरची उष्णता वर पंख्याकडे पोचवते. ती वाळली की उष्णता तिथंच कोंडते, आणि प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो.

"तापतो म्हणून तू दुसरा घेतला नाहीस ना?" भन्ते पुसता पुसता म्हणाले.

"हो."

"हा किती तापायचा?"

"शंभराला टेकायचा."

भन्ते हसले नाहीत. त्यांनी तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली, पंखा बसवला, स्क्रू आवळले. कॉम्प्युटर सुरू झाला. पूर्वी त्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा यायचा. आता कान द्यावा लागला.

राष्ट्रपालनं तापमानाचा आकडा पाहिला.

"अडुसष्ट."

त्याला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं. दीड वर्ष ज्याच्यासाठी त्यानं रात्रंदिवस वाचन केलं, ते अर्ध्या तासात कापसानं व्हावं, हे त्याच्या जिवाला लागलं.

त्यानं सगुणाबाईंचं चित्रण उघडलं. चित्र चाललं… चाललं… आणि उभं राहिलं.

"बघा, भन्ते," तो चटकन म्हणाला. "तरी अडतोच आहे."

भन्तेंनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. ते त्याच्याकडे पाहत होते.

"आनंद झाला तुला."

राष्ट्रपाल पुढे बऱ्याच जणांना हे सांगतो. सांगताना म्हणतो, त्या वेळी मला उठून जावंसं वाटलं होतं.

तो उठला नाही.

"चित्रण जड आहे," भन्ते म्हणाले. "त्याच्या हलक्या प्रती करता येतात. कापाकापी त्यांच्यावर करायची, शेवटी मूळ चित्रण जोडायचं. येतात ना?"

"येतात. प्रॉक्सी म्हणतात त्यांना."

"मग का नाही केल्यास?"

"ते… नवखे लोक करतात, भन्ते."

"चित्रपट म्हणून हा तुझा कितवा?"

राष्ट्रपालनं माउस उगाच सरळ करून ठेवला.

"पहिला."

त्यानं हलक्या प्रती करायला लावल्या. साठ तासांच्या चित्रणाचं काम, संध्याकाळपर्यंत चालणार होतं. पण पहिल्या दिवसाचं चित्रण तासाभरात तयार झालं. तेवढ्या वेळात भन्तेंनी चिवराचा उरलेला काठ शिवला. राष्ट्रपालनं कागदावरची धूळ बाहेर नेऊन टाकली आणि टेबल पुसलं.

मग त्यानं चित्रण सुरू केलं. चित्र अडलं नाही.

सगुणाबाई पडद्यावर अंगणात बसल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात लाकडी चिपळ्या. गात होत्या. राष्ट्रपालचा हात माउसवर होता.

त्या गात राहिल्या. त्याचा हात तसाच राहिला.

पाच मिनिटं… दहा…

"आता अडत नाही," भन्ते म्हणाले.

"नाही."

"मग?"

बाहेर पिंपळात बुलबुल बोलत होते. राष्ट्रपालनं चित्र थांबवलं.

"कुठून सुरू करू कळत नाही, भन्ते."

भन्तेंनी शिवलेलं चीवर घडी करून बाजूला ठेवलं.

"लग्नाचं सोपं असतं. आधी हळद, मग लग्न, मग जेवण. कोणी काही विचारत नाही. हे साठ तास आहेत. सगळ्यांना सांगून बसलोय की असा चित्रपट आपल्या भागात झालेला नाही. आणि मला… मला पहिलं चित्र कुठलं ठेवायचं तेही सुचत नाही. भीती वाटते."

तो हे भिंतीकडे बघून बोलला. आवाज लहान झाला होता.

भन्ते उठले. दारापर्यंत गेले आणि सभागृहाकडे बोट केलं. रविवारची वंदना संपली होती. सगुणाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, खाली जायला कोणाची तरी सोबत मिळेल म्हणून वाट पाहत.

"त्यांना विचार."

"भन्ते, त्यांना काय कळणार यातलं…"

भन्तेंचं बोट तसंच राहिलं.

राष्ट्रपाल गेला. सगुणाबाईंच्या कानाशी वाकला. जरा मोठ्यानं बोलावं लागलं.

"आजी, तुमचा चित्रपट कुठून सुरू करू?"

सगुणाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"सांगतलं ना तुले. पहिल्याच दिवशी."

"काय सांगितलं होतं?"

"आयकलं नाही का बाबू तू?"

त्यानं ऐकलं नव्हतं. त्या बोलत असताना तो उजेड मोजत होता.

तो त्यांना हात धरून ग्रंथालयात घेऊन आला. खुर्ची दिली. पहिल्या दिवसाचं चित्रण पुढे नेलं. गाणं संपल्यावर पडद्यावरच्या सगुणाबाईंनी चिपळ्या खाली ठेवल्या आणि बोलू लागल्या.

त्या सांगत होत्या, चौदा वर्षांची असताना पहिल्यांदा जलशात उभी राहिले. समोर हजार माणूस. तोंड उघडलं आणि सगळं विसरले. एक शब्द आठवेना. मालक, म्हणजे माझा नवरा, ढोलकीवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, की खूण केली नाही. ते नुसते वाजवत राहिले. लोकांना वाटलं, ढोलकीचाच खेळ चाललाय. मला आठवेपर्यंत वाजवत राहिले.

खुर्चीत बसलेल्या सगुणाबाई स्वतःचंच बोलणं कानामागे हात धरून ऐकत होत्या.

"मंग आठवलं," त्या पडद्यावरच्या बाईच्या आधी म्हणाल्या.

राष्ट्रपालनं माउस दाबला. पहिला काप पडला.

कॉम्प्युटर विहारातच राहिला. लग्नसराई नव्हती. राष्ट्रपाल रोज दुपारी जेवून टेकडीवर यायचा, दिवेलागणीला उतरायचा. प्रोसेसरबद्दल तो बोलला नाही, भन्तेंनीही विषय काढला नाही. कधी भन्ते मागून जात, क्षणभर पाहत, पुढे जात. एकदा फक्त म्हणाले, "हे लांबलंय." राष्ट्रपालनं ते दोन दिवस आणखी लांब करून पाहिलं, मग कापलं.

चित्रपट बेचाळीस मिनिटांचा झाला. सगळ्यांना सांगितला होता तेवढा मोठा नाही.

आश्विन पौर्णिमेला विहाराच्या सभागृहात पांढरी चादर लावून तो दाखवला. गावातली माणसं आली, शेजारच्या दोन गावांतलीही आली. सगुणाबाईंना अगदी पुढे, स्पीकरजवळ बसवलं होतं. चादरीवर चौदा वर्षांच्या मुलीची गोष्ट सुरू झाली, त्यापाठोपाठ बायकांमध्ये कुजबुज झाली, मग कोणी हललं नाही.

एका ठिकाणी गाण्याची ओळ चुकली होती. सगुणाबाई चुकल्या होत्या, थांबल्या होत्या, हसल्या होत्या आणि पुन्हा म्हणाल्या होत्या. राष्ट्रपालनं ते काढलं नव्हतं.

संपल्यावर तो त्यांच्याजवळ जाऊन बसला.

"आयकू आलं?"

"आलं ना." त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "ते चुकलं होतं माहं. ठेवलंस. बरं केलंस."

एवढंच म्हणाल्या. पण हात बराच वेळ सोडला नाही.

दिवाळी झाली. नवा प्रोसेसर बाजारात आला. राष्ट्रपालनं एका दिवसात ठरवून तो घेतला, बोर्डासकट, रॅमसकट. दुकानात परत नेलेल्या कॉम्प्युटरमध्ये स्वतःच बसवला. पेस्टही स्वतःच लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेकडी चढून आला. भन्तेंच्या जेवणाआधी पोचायचं म्हणून लवकर निघाला होता. केळ्यांचा घड आणि भाताचा डबा दान म्हणून ठेवला, तीनदा वंदन केलं.

"सुखी हो," भन्ते म्हणाले. "घेतलास वाटतं."

"हो. कसं ओळखलंत?"

"चालण्यावरून."

राष्ट्रपाल हसला. मग मांडी घालून बसला आणि सांगू लागला. वेग किती, तापतो किती, विजेला किती लागतो. भन्ते सगळं मन लावून ऐकत होते. मध्येच त्यांनी बोर्डाबद्दल एक प्रश्न विचारला. उत्तर ऐकून मान हलवली.

"चांगला घेतलास."

"तुम्ही रागावला नाहीत ना, भन्ते? मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल की आता याची काय गरज…"

"असं मी कधी म्हणालो?"

राष्ट्रपालनं आठवून पाहिलं. भन्ते असं कधीच म्हणाले नव्हते.

तलावावरून वारा येत होता. राष्ट्रपालला फार बरं वाटत होतं.

"आणि अडतो का?" भन्तेंनी विचारलं.

"नाही, भन्ते. मूळ चित्रण टाकून पाहिलं. एकदासुद्धा अडला नाही."

"एकदासुद्धा?"

"एकदासुद्धा."

भन्तेंनी केळं सोलायला घेतलं. सोलता सोलता थांबले…

"मग पुढचा चित्रपट अडला, तर बोल कोणाला लावशील?"