जात्यांनी गाव सोडलं

सांजवडच्या ओढ्यावर पूल नव्हता, गावात शाळा नव्हती, घड्याळ तर कुणी पाहिलंही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. ऐकताना कुणाला आपल्या खापरपणजोबांची लाज वाटली, तर वाटू द्यावी.

तेव्हा गावात खेमा गुरव राहत होता. देवाची पूजा करायची, संबळ वाजवायचा आणि गाणी रचायची, एवढीच त्याची कामं. पण गाणी अशी रचायचा, की पहाटे घरोघरी दळणाला त्याच्याच ओव्या लागायच्या. असं म्हणतात, की खेमाची ओवी सुरू झाली की जातं हलकं व्हायचं आणि लहान पोरगीसुद्धा ते एका हातानं ओढायची.

खेमाच्या लहानपणी एका वर्षी दक्षिणेकडून पाथरवट आले. गाढवांच्या पाठीवर संसार, तोंडात तेलुगू बोली आणि हातात छिन्नी-हातोडा. गावानं त्यांना डोंगराच्या पायथ्याशी उतरवलं. तिथून त्यांनी गावाला काय दिलं नाही? प्रत्येक घरातलं जातं त्यांनी घडवलं. पाटा त्यांचा, उंबरा त्यांचा, गुरांना पाणी पाजायची दगडी डोण त्यांची, देवळापुढची दीपमाळही त्यांचीच. त्यांची पोरं इथं जन्मली, मराठी बोलायला लागली, त्यांना पोरं झाली. तरी गाव त्यांना ‘बाहेरचे’च म्हणत राहिलं. दीपमाळ पेटायची तेव्हा ती घडवणारे लांब अंधारात उभे राहायचे.

खेमा मात्र त्यांच्याकडे जायचा. दगडावर छिन्नीचा जो ठेका पडतो, तो त्याला आवडायचा. त्या ठेक्यावर तो ओव्या बसवायचा, त्यांच्यातच बसून भाकरी खायचा. वस्तीत वयानं सगळ्यांत थोर दुर्गव्वा. गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी मारून पुन्हा खरबरीत करायचं काम तिचं. ती खेमाची फार थट्टा करायची.

“गुरवा, तुझं गाणं लई गुळगुळीत झालंय. त्यात आता काय बी दळत न्हाई. आण हिकडं, टाकी मारून देते.”

“मार की अक्का. पण मजुरी काय घेशील?”

“मजुरी नको. तू गायचं थांबलास तरी पुष्कळ झालं!”

आणि सगळी वस्ती हसायची, खेमा सगळ्यांत जास्त.

मग दुष्काळ पडला. ओढा आटला, विहिरींचा तळ दिसला. दुष्काळ पडला की माणसाला पाणी शोधावंसं वाटत नाही, आधी कुणाचा तरी दोष शोधावासा वाटतो. चावडीवर गाव जमलं आणि कुणीतरी म्हणालं, “डोंगराचं पोट फोडलं त्या बाहेरच्यांनी. देव कोपला. पाऊस पळून गेला.” ज्यानं हे म्हटलं त्याचं नाव कुणालाच आठवत नाही. अशा माणसांची नावं कधीच आठवत नाहीत.

तुळाजी पाटलांनी हुकूम दिला, की दिवस मावळायच्या आत सगळ्या पाथरवटांनी गावची शीव ओलांडावी.

दुर्गव्वा चावडीपुढे आली. तिची सून बाळंतपणाला टेकली होती. ती म्हणाली, “पाटील, सुनंची सुटका होऊ द्या. मग जातो. तुमच्या लेकीबाळींची शपथ, जातो.”

पाटील म्हणाले, “वाटंत एखाद्या दगडामागं होईल की. दगडाची सवय हाय तुम्हांला.”

आणि चावडी हसली. हे मी मुद्दाम सांगतो. पाटील एकटे बोलले, पण हसलं सगळं गाव.

तेव्हा खेमा उठला. “डोंगर फोडणं पाप, तर फोडलेला दगड घरात ठेवणं पुण्य कसं? जातं टाका बाहेर. उंबरे उपटा. दीपमाळ पाडा. मग यांना हाकला.”

कुणी हललं नाही. पाटील म्हणाले, “गुरवा, तू आपलं गाणं म्हण. न्याय करणं तुझं काम न्हवं.”

“बरं,” खेमा म्हणाला. “गाणंच म्हणतो.”

असं म्हणतात, की भर दुपारी खेमा गावच्या मधल्या रस्त्यावर उभा राहिला आणि त्यानं ओवी म्हटली:

डोंगराच्या लेकी, ऊठ, सोड गं हा खुंटा
तुझे बाप निघाले, तुझा इथं काय वाटा

आणि घराघरातून घरघर ऐकू आली. जात्यांचे वरचे दगड खिळ्यावरून उठले, कडेवर उभे राहिले आणि चाकासारखे गडगडत उंबऱ्याबाहेर आले. कोंबड्या उडाल्या, कुत्री पळाली, बायका पदर धरून भिंतीला चिकटल्या. पाटलांच्या घरचा दगड तर ओसरी उतरला आणि चावडीपुढे येऊन पाटलांच्याच पायावरून गेला. पाटील त्यानंतर मरेपर्यंत लंगडत होते म्हणतात. पुढे गाढवं, त्यांच्या मागे पाथरवट, त्यांच्या मागे गावातल्या जात्यांचे सगळे दगड आणि सगळ्यांत शेवटी खेमा, अशी ती मिरवणूक निघाली.

शिवेपलीकडच्या उघड्या माळावर दुर्गव्वाच्या सुनेला कळा सुरू झाल्या. आडोशाला झाडसुद्धा नव्हतं. असं म्हणतात, की तेव्हा ते दगड एकावर एक चढले आणि तिच्याभोवती भिंत उभी राहिली. त्या भिंतीत मुलगी जन्मली. खेमा म्हणाला, “ही पोर गावात जाईल त्या दिवशी मी गावात जाईन.” आणि तो तिथंच राहिला.

गावात दळण थांबलं. लोक ज्वारीच्या घुगऱ्या खाऊ लागले. शेजारच्या गावातून जातं आणलं, तर त्यातून पिठाऐवजी नुसती दगडाची कच पडायची. तेव्हा गावातली शहाणी माणसं खेमाकडे आली. त्यांनी काय म्हणावं? “खेमा, एकटा तू चल. दुसरं गाणं म्हण आन् आमचे दगड परत बोलाव.”

खेमा म्हणाला, “दगड तुमचे कधी झाले?”

ती माणसं परत गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. पाथरवटांशी मात्र त्यांतलं एकही माणूस एक शब्द बोललं नाही. वैशाखाच्या उन्हानं खेमा खंगला आणि दुर्गव्वाच्या मांडीवर डोकं ठेवून गेला.

मग मात्र गाव धावत आलं! हलगी आली, गुलाल आला, फुलांनी सजवलेली तिरडी आली. जिवंत असताना ज्याला पाण्याचा तांब्या कुणी नेऊन दिला नाही, त्याला न्यायला खांदे पुरून उरले. आपल्याकडे हे फार होतं.

दुर्गव्वा उठलीसुद्धा नाही. म्हणाली, “ह्यो आता बाहेरचा हाय. बाहेरच्याला बाहेरचेच माती देतील.” आणि त्यांनीच त्याला शिवेवर माती दिली. गाव हलगी काखेत धरून माघारी फिरलं.

एवढं होऊनही पाटील वाकले नाहीत. वाकली ती त्यांची म्हातारी आई, सोनाई. तिनं घुगऱ्यांचं ताट लेकापुढे आदळलं. “मला दात न्हाईत रं मुडद्या. तुझा ह्यो न्याय चावू कशानं?” आणि काठी टेकत ती शिवेवर गेली. तिनं दुर्गव्वापुढे पदर पसरला. “बाई, आमचं चुकलं. आम्ही हसलो. लेकरू घेऊन घरी चला.”

गावातून कुणीतरी चुकलं म्हणायची ती पहिली वेळ.

दुर्गव्वानं नातीला उचलून छातीशी धरलं. मग म्हणाली, “येतो. पर डोंगराच्या पायथ्याला न्हाई. गावात येतो. आन् दगड ज्याचे त्यानं उचलायचे.”

जाताना दगड आपणहून गेले होते. येताना एकही हलला नाही. सगळं गाव ते डोक्यावर घेऊन चाललं, लंगडणारे पाटीलही. देवळामागं पाथरवटांची आळी वसली ती त्या दिवशी. पाऊस? तो त्याला यायचं तेव्हा आला.

सांजवडला खेमा गुरवाची समाधी नाही. फुलं वाहून गाव मोकळं होईल, म्हणून पाथरवटांनी ती बांधू दिली नाही. आता गावात पिठाची गिरणी आहे, तरी प्रत्येक घरात जातं आहे. खेमा गेला त्या तिथीला घरातला कर्ता माणूस जात्याचा वरचा दगड डोक्यावर घेऊन पाथरवटांच्या आळीत नेऊन ठेवतो. त्या दिवशी घरोघरी घुगऱ्या. दुसऱ्या दिवशी त्यानंच जाऊन म्हणायचं, “आमचं जातं द्या.” आळीतली थोर बाई दगडाला टाकी मारते आणि देते. पण वर्षभरात त्या घरानं कुणालाही, अगदी ऊसतोडीला आलेल्या माणसाला किंवा हॉटेलात कप विसळणाऱ्या परमुलखातल्या पोरालाही ‘बाहेरचा’ म्हणून हिणवलं असेल, तर ती ‘नाही’ म्हणू शकते. मग चुकलं म्हणेपर्यंत दगड मिळत नाही.

यंदा सरपंचांच्या घरचा दगड अजून तिथंच पडून आहे.