झिपरीचा नाच

फार पूर्वी एक राजा होता. त्याला ना शिकारीचा नाद होता, ना जुगाराचा. लढाईचं तर नाव काढलं तरी त्याला जांभया यायच्या. त्याला एकच वेड होतं, ते म्हणजे प्राण्यांचं. त्यातही प्राण्यांचं कमी आणि त्यांच्या आकड्याचं जास्त.

शेजारच्या राजाच्या बागेत शंभर प्राणी होते आणि आपल्या राजाच्या बागेत एकसष्ट. झालं! राजाला अन्न गोड लागेना. "काहीही करा, पण माझी शंभरी भरा," असं तो ऊठसूट प्रधानाला सांगायचा. प्रधानही "आज्ञा महाराज" म्हणून मोकळा व्हायचा.

या बागेत अस्वलांची राखण करायला बयाक्का नावाची एक बाई होती. अंगानं काटकुळी, बोलायला फटकळ आणि मनानं लोण्याहून मऊ. बागेत अस्वल तसं एकच होतं. तिचं नाव झिपरी. बारा वर्षांपूर्वी झिपरी आली तेव्हा एवढीशी होती. बयाक्कानं तिला मांडीवर घेऊन दूध पाजलं होतं.

झिपरीचा पिंजरा म्हणजे खाली दगडी फरशी, वर दगडी छत आणि पुढं गज. मातीचा कण नाही की झाडाचं पान नाही. त्या पिंजऱ्यात झिपरी दिवसभर एका जागी उभी राहून झुलायची. मान डावीकडं, मान उजवीकडं. पुन्हा डावीकडं, पुन्हा उजवीकडं.

लोकांना वाटायचं, अस्वल नाचतंय!

"आलं, आलं, रंगात आलं!" म्हणून लोक टाळ्या पिटायचे, फुटाणे फेकायचे. सणासुदीला तर पिंजऱ्यापुढं ढोल लावायचे. झिपरीच्या नाचाची कीर्ती पार शेजारच्या राज्यात गेली होती. राजाही मिशीला पीळ देत पाहुण्यांना सांगायचा, "आमचं अस्वल न शिकवता नाचतं बरं का!"

बयाक्काला मात्र ते बघवायचं नाही. शेवटी एकदा तिनं प्रधानाला गाठलंच.

"प्रधानजी, हा नाच नव्हे. डोकं फिरत चाललंय बिचारीचं. तिला माती उकरायला हवी, झाडावर चढायला हवं. पिंजऱ्यामागं जांभळाची राई आहे ना, मधली भिंत तेवढी पाडा. बाकी मी काही मागत नाही."

"राई?" प्रधान हसला. "अगं, तिथं तर नवे एकोणचाळीस पिंजरे बांधायचेत. शंभरी भरायची आहे महाराजांची. आणि लोक टाळ्या वाजवतायत, तर तुझ्या का पोटात दुखतंय?"

गवंडी आले. राईच्या कडेला दगडांचे ढीग पडले, चुना मळायच्या घाण्या फिरू लागल्या.

पाडव्याच्या मुहूर्तावर पहिला नवा प्राणी यायचा ठरला. तोही कोण, तर अस्वलाचंच एक पिल्लू! एकाचे दोन झाले की नाचाची जोडी जमेल, असा प्रधानाचा हिशोब.

आता त्या बागेची एक जुनी रीत होती. राजाच्या पणजोबांनी घालून दिलेली. नवा प्राणी आला की राखणदारानं पहिला घास आपल्या तळहातावर घ्यायचा, सगळ्या गावादेखत प्राण्यापुढं धरायचा आणि म्हणायचं, "इथं तुला रानाची उणीव भासणार नाही. ही माझी जबान." तेवढं म्हटल्याशिवाय पिंजऱ्याचं दार उघडायचं नाही. मग तो वाघ असो नाहीतर ससा.

पाडव्याला सकाळी अख्खा गाव बागेत लोटला. ढोल वाजत होते, ताशे कडकडत होते. राजा उंच आसनावर बसला होता. गाडीवरून पिल्लाचा खोका उतरवला. पिल्लानं फटीतून नाक बाहेर काढलं आणि फूं फूं करत सगळ्यांचा वास घेतला. त्याच्या नखांत अजून रानातली तांबडी माती होती. शेजारच्या पिंजऱ्यात झिपरी झुलत होती, आणि लोक "वाहवा, वाहवा" करत होते.

बयाक्कानं तळहातावर मोहाची ताजी फुलं घेतली. हात पुढं केला. पिल्लू जीभ काढून लपालपा फुलं खाऊ लागलं. आता फक्त बोलायचं बाकी होतं.

पण बयाक्का झिपरीकडंच बघत राहिली.

"बयाक्का, बोल की!" प्रधान दबक्या आवाजात म्हणाला. "मुहूर्त टळतोय."

"मला ही जबान देववत नाही," बयाक्का म्हणाली.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "जबान दिली नाहीस, तर उद्यापासून या बागेत पाऊल टाकायचं नाही. कळलं?"

बयाक्का विचारात पडली. आपण गेलो तर झिपरीला कोण बघणार? आपल्या हातचं सोडून ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खातही नाही. "देऊन टाक जबान," असं एक मन म्हणत होतं. "चार शब्द तर आहेत. म्हण आणि हो मोकळी." पण समोर ते पिल्लू तिचा हात चाटत होतं. त्याला खोटं कसं सांगायचं?

"महाराज, बारा वर्षांपूर्वी हीच जबान मी झिपरीला दिली होती," ती म्हणाली. "ती मला पाळता आली नाही. आता दुसऱ्या लेकराला तेच खोटं कुठल्या तोंडानं सांगू?"

"खोटं?" राजा भडकला. "ते अस्वल आनंदानं नाचतंय, दिसत नाही तुला?"

"ती नाचत नाही, महाराज."

लोक खो खो हसू लागले. कुणीतरी ओरडलं, "अक्काला आता चष्मा आणा!"

बयाक्काचं डोकं तापलं. ती ढोलवाल्यांकडं वळली आणि कडाडली, "थांबवा रे ते ढोल! आणि तुम्ही सगळे, टाळ्या बंद करा. नाच असेल तर वाजणं थांबल्यावर थांबेल. बघू या तरी!"

राजाला गंमत वाटली. त्यानं हात वर केला. ढोल थांबले. ताशे थांबले. टाळ्याही थांबल्या. एवढा मोठा जमाव, पण टाचणी पडली तरी ऐकू यावी, इतकं सगळं शांत झालं.

झिपरी झुलतच होती.

मान डावीकडं, मान उजवीकडं. कुणाकडंही बघणं नाही की फुटाण्यांना तोंड लावणं नाही. लोक थोडा वेळ हसले, मग थोडा वेळ चुळबुळले, आणि मग कुणी हसेना की चुळबुळेना. पोटऱ्या दुखेपर्यंत सगळे उभे होते, तरी झिपरी काही थांबली नाही.

गर्दीतून एक म्हातारी कुंभारीण काठी टेकत पुढं आली. तिनं पदर तोंडाला लावला. "अगं बाई, माझा थोरला गेला तेव्हा मीही अशीच झुलत होते गं भिंतीला टेकून. आणि या मुक्या जीवापुढं मी टाळ्या पिटल्या!"

सगळंच बिनसतंय असं पाहून प्रधान पुढं धावला. "महाराज, बाईमाणूस आहे, भावनेच्या भरात बोलतेय. जबान मी देतो!" त्यानं फुलं घेतली आणि पिल्लापुढं हात केला. "इथं तुला..."

"थांबा प्रधानजी," राजा म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "आधी झिपरीकडं बघा. तिच्याकडं बघत बोला."

प्रधान वळला. झिपरीचे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर आले, गेले. पुन्हा आले, गेले. हातातली फुलं तशीच खाली पडली.

राजा आसनावरून उतरला. पिंजऱ्याजवळ येऊन त्यानं गजांवर हात ठेवला. मग म्हणाला, "मलाही देववत नाही. हे पिल्लू जिथून आणलं तिथं आजच्या आज नेऊन सोडा. आणि गवंड्यांनो, राईत एक दगड रचायचा नाही. ही मधली भिंत पाडायला घ्या."

"अहो महाराज," मुख्य गवंडी हवालदिल झाला, "चुना आजच मळून ठेवलाय! सगळा वाया जाईल की!"

"वाया का जाईल?" बयाक्का डोळे पुसत म्हणाली. "राईत झिपरीला डुंबायला टाकं बांध त्याच चुन्यात. चांगलं ऐसपैस बांध!"

तसा सगळा गाव हसला. आणि अशा कामात आपला गाव काही मागं राहतो का? पहारी घेऊन निम्मा गाव भिंतीवर तुटून पडला.

चार दिवसांनी वाट मोकळी झाली. झिपरी फरशीच्या कडेपर्यंत आली आणि तिथंच अडली. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. तिच्या पायाला मातीची सवयच नव्हती. प्रधान म्हणू लागला, "बघा, तिला पिंजराच आवडतो!" पण बयाक्का हटली नाही. ती स्वतः राईत मातीत फतकल मारून बसली आणि झिपरीला हाका मारत राहिली. रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.

सहाव्या दिवशी झिपरीनं एक पाय मातीवर ठेवला. मग दुसरा. तिनं नाक खाली घातलं, जमीन हुंगली आणि अचानक पुढच्या दोन्ही पंजांनी अशी माती उडवली, अशी उडवली की बयाक्का आपादमस्तक माखली! वाळवीचं वारूळ सापडलं होतं. झिपरीचं सर्र सर्र वाळवी ओढणं पार वेशीपर्यंत ऐकू गेलं. बयाक्का तशाच मातकट तोंडानं नाचायला लागली, ढोलवाल्यांनी ढोल काढले आणि त्या दिवशी गावानं जे वाजवलं, त्याला तोड नाही.

राजानं मग एकेक करून सगळे पिंजरे बघितले. कुणाला पाणी दिलं, कुणाला झाड, कुणाला सोबत. ज्यांना काहीच देता येईना आणि रानात जगणं ज्यांना जमेल, त्यांना रानात पोचवलं. एकसष्टाचे चव्वेचाळीस झाले.

जांभळं पिकली त्या सुमारास शेजारचा राजा पाहुणा आला. नाचणारं अस्वल बघायला मुद्दाम आला होता. त्याला राईत आणलं. झिपरी जांभळीच्या उंच फांदीवर पाय सोडून बसली होती आणि दोन्ही पंजांनी घोसच्या घोस तोंडात कोंबत होती. जांभळ्या तोंडाची, थुलथुलीत, मजेत.

पाहुण्या राजानं टाळ्या वाजवल्या. शीळ घातली. झिपरीनं ढुंकूनही पाहिलं नाही. उलट एक चोखलेली बी टपकन त्याच्या पागोट्यावर पडली.

"अहो, हे नाचत का नाही?" पाहुणा वैतागला.

आपला राजा पोट धरधरून हसला. "राग मानू नका, महाराज. तिला आता सवड नाही!"

तात्पर्य: दारात आणखी एकाला बोलावण्याआधी, जो घरात आहे त्याला सुखानं नांदवावं.